करणाऱ्याचं सर्वनाम

खरात सरांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये एक पत्रा होता. भिंत अनुदान आल्यावर बांधू, असं संस्थेनं ठरवलेलं. आमच्या शाळेत अनुदान आल्यावर करायच्या गोष्टींची रांग मोठी होती. भिंत, मुलींचं स्वच्छतागृह, आमचे पगार, सगळे त्याच रांगेत. शाळा हर्सूलला, तलावाच्या अंगानं थोडं आत. मी मराठी शिकवायचे, सर इंग्रजी. आठवीचा माझा सर्वनामाचा धडा आणि त्यांचा प्रोनाउनचा धडा बहुतेक एकाच आठवड्यात यायचे. मी इकडून विचारायचे, "मी, तू, तो, हे काय आहे?" आणि माझा वर्ग तोंड उघडायच्या आत पत्र्यापलीकडून पोरं ओरडायची, "पर्सनल प्रोनाउन!"

आमच्या पोरांना इंग्रजी सर्वनामं शिकवणं म्हणजे काय, ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक. 'ही' म्हणजे तो. मग आपली 'ही' कुठं गेली? ती 'शी' झाली. 'शी' म्हटलं की अख्खा वर्ग नाक दाबणार. 'दे' म्हटलं की मागच्या बाकावरून कोणीतरी मूठ पुढं करून 'घे' म्हणणार. 'मी' म्हणजे मी नव्हे, मला. त्यामुळं 'मी ॲम अ बॉय' हे वाक्य दर वर्षी नव्यानं जन्माला यायचंच. आणि सगळ्यांत अवघड प्रकरण 'माय'चं. एकदा सरांनी छातीवर हात ठेवून एका पोराला विचारलं, "व्हॉट इज माय नेम?" पोरगं उठलं, थोडं लाजलं आणि म्हणालं, "शांताबाई."

वर्ग खदखदला. माझाही वर्ग हसला, पत्र्याला कान लावूनच बसलेला होता तो. सर हसले नाहीत. "काय करती रं तुझी माय?" "वीटभट्टीवर जाती सर." "मग लिही. माय माय इज शांताबाई." फळ्यावर ते वाक्य लिहून त्यांनी दोन्ही मायांखाली रेघा ओढल्या. पहिली माय इंग्रजांची, दुसरी तुझी. मग म्हणाले, "आणि ध्यानात ठेवा. इंग्रजीतली माय एकटी राहत नाही. माय बुक, माय पेन, तिच्यामागं कोणीतरी लागतंच. एकटं राहायचं तर 'माइन' म्हणायचं. द बुक इज माइन." मी वीसेक वर्षं व्याकरण शिकवते, पण पझेसिव्हचा हा नियम इतका सरळ मला कोणी सांगितला नव्हता.

सरांची उंची दाराच्या चौकटीला लागायची, आणि अंगावर मांस म्हणावं तर फक्त गळ्याला. पत्र्यावर पाऊस पडो की शेजारी माझा वर्ग दंगा करो, त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचाच. खडूचा तुकडा बोटात मावेनासा झाला की ते तो रिकाम्या पेनाच्या नळीत बसवायचे आणि त्याची पूड होईपर्यंत लिहायचे. 'यू' शिकवताना बोट दाखवायचे नाहीत, उघडा तळवा पुढं करायचे. मुलांनाही बोट दाखवू द्यायचे नाहीत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "बोटानं माणूस दाखवला की त्याचं 'इट' होतं मॅडम."

तो त्यांचा अनुभव होता, तो त्यांनी सांगत बसून कधी मोठा केला नाही. पण शिक्षकांच्या खोलीत एकदा एका गुरुजींनी नव्यानं आलेल्या शिपायाबद्दल हळूच विचारलं, "आपल्यातला का त्यांच्यातला?" सर डबा खात होते. घास गिळून मला म्हणाले, "मॅडम, तुमचा विषय आहे. 'त्यांच्यातला' हे कोणतं सर्वनाम?" "दर्शक," तेच पुढं म्हणाले, "माणसाकडं न बघता माणूस दाखवायचा." आणि पुन्हा डब्यात लक्ष घातलं. गुरुजींचा चहा त्या दिवशी थंड झाला.

सरांचं सगळं आयुष्य एका शब्दावर अडलेलं होतं, मान्यता. शाळा विनाअनुदानित. शाळा होती, मुलं होती, निकाल बरा होता, पण सरकारच्या लेखी आम्ही शिक्षक नव्हतो. संस्था कधी चार पैसे द्यायची, कधी नाही. माझ्या घरी नवऱ्याचा पगार होता, माझं निभलं. सरांच्या घरी आई, बायको आणि दोन मुली, सगळी त्यांच्याच भरवशावर. करमाडहून जालना रोडनं मोटारसायकलवर यायचे आणि परतताना शेंद्र्याला एका गोदामात मालाच्या गाड्या उतरवून घ्यायचं काम करून घरी जायचे. त्यांच्या सुनंदावहिनी मला एकदा म्हणाल्या, "मॅडम, थोरलीला पाळण्यात घातलं तवापासून अनुदान यायलंय. पोरगी धाव्वीला गेली, ते अजून रस्त्यातच हाय."

हसून म्हणाल्या, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुसरीकडं अर्ज करायचं सरांचं वय निघून गेलं होतं. इथंच मान्यता मिळाली तर ते शिक्षक, नाहीतर मालाच्या गाड्या. हे त्यांना माहीत होतं, घरच्यांना माहीत होतं, आणि संस्थेच्या अध्यक्षांनाही पक्कं माहीत होतं. अध्यक्षांना सगळे दादा म्हणत.

मे महिन्यात सर फर्दापूरला जायचे. अजिंठ्याची लेणी बघायला परदेशी माणसं येतात, तिथल्या एका हॉटेलात काउंटरवर इंग्रजी बोलणारा माणूस लागायचा. एका उन्हाळ्यात मालकानं कोण्या गोऱ्या बाईशी त्यांची ओळख करून दिली, "ही इज माय बॉय." सरांच्या डोक्याचे केस तेव्हा अर्धे पांढरे झालेले. सुट्टीनंतर मला हे सांगताना म्हणाले, "त्या 'माय'मधली माय मला कुठं दिसली नाही मॅडम." नंतर बराच वेळ पेनाच्या नळीतला खडू काढून परत बसवत होते.

पण वर्गात गेले की माणूस वेगळा. निबंधात एका मुलीनं लिहिलं होतं, 'माय फादर आर ड्रायव्हर. दे ड्राइव्ह ट्रक.' आमच्याकडची ही जुनी चूक आणि तिच्यावरचा विनोदही जुना. सरांनी तो केला, "किती वडील आहेत गं तुला?" पोरं हसली. मुलगी खाली बसेना. "सर, बापाला 'ही' कसं म्हनू? अरेतुरे केल्यावानी वाटतंय. लई वाईट वाटतंय." मधल्या सुट्टीत सर माझ्याकडं आले ते खजील होऊन. म्हणाले, "चूक तिची नाही हो. आपलं एक 'ते' आहे. बापालाही ते, दहा माणसांनाही ते, आणि कुत्र्याचं पिल्लू असलं तरी तेही ते. इंग्रजीत त्याची तीन घरं झाली. ती बिचारी बापाला मोठ्या घरात ठेवायला गेली." दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तोडगा काढला. "कागदावर 'ही' लिहायचं, मनात 'ते' म्हणायचं. पेपर बोर्डाचा, मन आपलं." जयंतीच्या भाषणांत मात्र ते 'ही' म्हणायची सक्ती करायचे नाहीत. एक मुलगी स्टेजवरून 'दे वॉज अवर फादर' म्हणाली तेव्हा सर पहिल्या रांगेत बसून मोठ्यानं टाळ्या वाजवत होते.

त्यांचा एकच हट्ट फार कडक होता. वर्गात काही फुटलं, सांडलं, हरवलं की पोरं म्हणायची, "सर, काच फुटली." सर विचारायचे, "हू?" "आपोआप फुटली सर." "हू?" असं पंधरा-पंधरा मिनिटं चालायचं, माझ्या कवितेचा पार चोथा व्हायचा. शेवटी एखादा उभा राहायचा, "आय ब्रोक इट सर." की सर म्हणायचे, "सिट डाउन. आय म्हणणाऱ्याला माफ." आणि खरंच माफ असायचं.

मी भांडले एकदा. म्हटलं, "सर, इंग्रजीतही काच आपोआप फुटते. 'द ग्लास ब्रोक' होतंच की." 

"होतं," ते म्हणाले, "पण ते मी शिकवत नाही."

"का?"

"आपल्याकडं त्याची काय कमी आहे मॅडम? दूध सांडतं, फाइल हरवते, विहीर बाटते. आमची वस्ती गावाबाहेर 'पडली'. कोणी पाडली? विचारा बरं करमाडात. कोणीच नाही. ती पडलीच."



मग एका वर्षी अनुदान खरोखरच आलं. शाळेत पेढे आले, दादांचा सत्कार झाला, आणि कोणाकोणाला मान्यता द्यावी याचा प्रस्ताव वरच्या कार्यालयात गेला. माझं नाव त्यात होतं. गणिताच्या, विज्ञानाच्या शिक्षकांची होती. इंग्रजीच्या जागेवर दादांच्या सूनबाईंचं नाव होतं. सूनबाई शाळेत झेंडावंदनाला दोनदा आल्या होत्या, दोन्ही वेळेला गॉगल लावून.

सर ऑफिसात गेले. मीही मागोमाग गेले. नरवडे म्हणून आमचे लिपिक, त्यांनी मान वर न करता सांगितलं, "राहून गेलं हो सर."

"काय राहून गेलं?"

"नाव. तुमचं. गडबडीत राहून जातं."

"कोणाकडून राहून गेलं?"

"आता कोणाकडून म्हंजी... राहून गेलं." नरवड्यांना प्रश्नच कळत नव्हता, किंवा नको इतका कळत होता.

मुख्याध्यापक म्हणाले, वरून जसं सांगितलं तसं पाठवलं. वरच्या कार्यालयात गेले तर तिथले म्हणाले, खालून जसं आलं तसं घेतलं. वर आणि खाली यांच्यामध्ये खरात सर मोटारसायकलवर फिरत राहिले. सकाळी शाळा, दुपारी कार्यालय, संध्याकाळी गोदाम. प्रत्येक टेबलाशी उभं राहून विचारायचे, कोणी? टेबलामागचा माणूस फाइलकडं बघायचा, पंख्याकडं बघायचा आणि म्हणायचा, झालंय खरं असं. कार्यालयाबाहेरचा चहावालासुद्धा त्यांना ओळखायला लागला. "सर, चाय पी लो. इधर कोई कुछ नहीं करता जी, सब अपनेआप होता," असं तो एकदा मी सोबत असताना म्हणाला. सर त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि ते हसू बघून मलाच रडायला आलं.

त्यांनी तक्रारीचा अर्ज इंग्रजीत केला. मी म्हटलं, "अहो सर, इंग्रजीत कोण वाचणार तिथं?"

"मराठीत लिहायला बसलो होतो. 'माझे नाव राहून गेले आहे', हेच वाक्य हातातून उतरायलं. बघा की, मीच त्यांना सोडवायलो."

त्या दिवसांत पत्र्यापलीकडचा आवाज खचत गेला. अनिश्चित सर्वनामं चालू होती, समबडी, एनीबडी, नोबडी. एका पोरानं विचारलं, "सर, नोबडी म्हंजी कोन?" सर म्हणाले, "थांब, सांगतो." मग काही ऐकू आलं नाही. पोरांचा दंगाही नाही. मी जाऊन डोकावले तर सर वर्गात नव्हते. मैदानाच्या टोकाला पाण्याच्या टाकीशी पाठमोरे उभे होते, नळ सोडलेला, आणि हात कोरडे. तो तास मी दोन्ही वर्ग एकत्र बसवून कसाबसा ओढला.

शेवटी ते दादांच्या बंगल्यावर गेले. आईला आणि वहिनींना घेऊन. मला हे वहिनींनी सांगितलं. पोर्चमध्ये बराच वेळ उभं केलं, मग दादा बाहेर आले, आणि सर वाकले. वहिनी म्हणाल्या, "मॅडम, लगीन झाल्यापासून ह्यांना कुनापुढं वाकल्यालं पाह्यलं नव्हतं. सासूबाईंनी तोंड फिरिवलं." दादांनी सरांना खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, "सर, हे काय? आपण काय परके आहोत का? आपण एक आहोत. आपलं काम होणार." इतक्या वर्षांत दादांनी सरांना 'तुम्ही लोक' याशिवाय काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र 'आपण'. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत याचा मला वर्गात फार अभिमान वाटायचा, आम्हीमध्ये ऐकणारा नसतो, आपणमध्ये असतो, असं मी रंगवून सांगायचे. आता तो धडा घ्यायची वेळ आली की माझ्या तोंडाला कडू येतं.

सुनावणीची तारीख लागली. त्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटली होती, सर फळा पुसत होते, मी दारात उभी राहून त्यांच्याशी बोलत होते. पल्लवी आली. पल्लवी आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. आमचीच विद्यार्थिनी, दहावीपर्यंत सरांच्या हाताखाली. वडील नव्हते. आई शाळेतच पोरांची खिचडी शिजवायची. मायलेकींचं घर या शाळेवरच चालायचं.

"सर," ती म्हणाली, "राहून नाय गेलं. मी काढलं."

सरांचा हात फळ्यावर थांबला.

"नाव भरल्यालं होतं सर. दादांचा फोन आला, नरवडे सर बाजूला उभे होते. काढ म्हनले. मी काढलं." आणि मग, अगदी वर्गातल्यासारखी हात मागं बांधून ती म्हणाली, "आय डिलीटेड इट सर. सुनावनीत सांगते मी. तुम्ही म्हनाल तिथं सांगते."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. इतके दिवस सर ज्याला शोधत होते तो करणारा, निदान त्याचा हात तरी सापडला होता. मी तिला जवळ घेतलं. सर बाकावर बसले. मुलांचा बाक, गुडघे हनुवटीला लागलेले.

ती गेल्यावर मी म्हटलं, "झालं सर. आता कोण अडवतं बघू."

त्यांनी हातातला डस्टर बाकावर ठेवला. मग म्हणाले, "ती 'आय' म्हणाली मॅडम. आता उद्यापासून सगळे मिळून 'शी' म्हणतील. दादा म्हणतील, शी. नरवडे म्हणतील, शी. फोन केल्याचं कोण कबूल करतंय? केस तिच्यावर. मायचं काम जाईल ते वेगळंच."

"मग?" मला राग आला. "तुमच्या मुलींचं काय? वहिनींचं काय?"

"तेच की," ते म्हणाले आणि एकदम त्यांचा आवाज फुटला. "आईशप्पथ मॅडम, मला लई वाटतंय तिनं सांगावं. मी कोणी साधू नाय. तिनं सांगावं आणि माझं काम व्हावं, बाकी गेलं खड्ड्यात, असं वाटायलंय मला." खडूचे हात त्यांनी तोंडावर दाबून धरले. बाजूला घेतले तेव्हा तोंड पांढरं झालेलं होतं, आणि मला ते सांगायचं धाडस झालं नाही.

त्यांनी पल्लवीला सुनावणीला बोलावलं.

मी रजा टाकून सोबत गेले. कार्यालयाच्या लांब व्हरांड्यात दादा पांढऱ्या कपड्यांत, नरवडे फाइल कवटाळून, मुख्याध्यापक भिंतीला चिकटून. पल्लवी आईला घेऊन आली होती. खिचडीच्या चुलीवरून तशीच उठून आलेली बाई, पदराला धुराचा वास, लेकीचं कोपर तिनं घट्ट धरलेलं. सरांनी इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता आणि सगळी बटणं लावली होती, गळ्याचंसुद्धा.

आम्हाला आत बसवलं, मायलेकी दाराशीच थांबल्या. सुनावणी घेणारे साहेब वाईट नव्हते. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि सरळ विचारलं, "खरात सर, तुम्ही म्हणता नाव मुद्दाम काढलं. कोणी काढलं? मला माणूस सांगा. आज माणूस उभा केलात तर आजच प्रस्ताव परत पाठवतो, तुमचं नाव घालूनच वर येईल. नाहीतर ही कारकुनी चूक, पुढच्या टप्प्यात बघू."

पुढचा टप्पा कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि तोवर जागा भरलेली असणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

सर उभे राहिले. पल्लवी दारातून एक पाऊल आत आली. तिच्या आईनं कोपर सोडलं नाही, त्यामुळं तीही आत ओढली गेली. दादांनी मान वळवून त्या दोघींकडं पाहिलं. रागानं नाही, साधंच, घरी गेल्यावर काय करायचं ते आत्ताच ठरवून टाकावं तसं. सरांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. मी मनात म्हणत होते, बोला सर, बोला, एकदाच तुमच्या पोरींकडं बघून बोला.

"सर?" साहेब म्हणाले. "कोणी?"

"राहून गेलं, साहेब," खरात सर म्हणाले.

"म्हणजे?"

"नाव. गडबडीत राहून गेलं. कोणी काढलं नाही."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी सरांकडं जरा जास्त वेळ पाहिलं, पण कागदावर लिहिता येईल असं त्यात काही नव्हतं. नरवड्यांनी इतका मोठा श्वास सोडला की फाइलीचे कागद हलले. दादा उठून सरांशी हात मिळवायला आले. सरांनी हात दिला नाही. पल्लवी दारातच मटकन बसली आणि तिची आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत, "काय झालं? काय म्हनले सर?" असं मला विचारायला लागली.

आवारात मी सरांवर तुटून पडले. आजूबाजूला माणसं होती, पण मला भान नव्हतं. म्हटलं, "हे तुम्ही काय केलंत? सगळ्या शाळेला एवढी वर्षं 'हू हू' करून छळलंत आणि आज वेळ आली तेव्हा तुम्हीच त्यांना सोडवलंत?" ते ऐकून घेत राहिले. मोटारसायकलच्या टाकीवरची धूळ तळव्यानं पुसत होते. मग एवढंच म्हणाले, "दादा तिच्याकडं बघत होते मॅडम." माझा राग उतरला नव्हता, अजूनही पुरता उतरलेला नाही. कधी वाटतं बरोबर केलं, आणि कधी शेंद्र्याहून परतणाऱ्या मालाच्या गाड्या दिसल्या की वाटतं, या माणसानं स्वतःच्या मुलींचा घास दुसरीच्या पोरीला कोणाला विचारून दिला?

सर त्या दिवसानंतर शाळेत आले नाहीत. इंग्रजीला सूनबाई आल्या. त्यामुळं मला सर आठवतात ते त्या आवारातले, शर्टाची सगळी बटणं लावलेले.

तिथंच, माझं भांडण चालू असताना, त्यांचा फोन वाजला. त्यांच्या मोबाईलचा कानाचा आवाज गेलेला, ते नेहमी स्पीकरवर बोलत. वहिनींचा आवाज आला, मागं मुलींची कुजबुज, सगळ्या फोनभोवती जमलेल्या असाव्यात.

"झालं का हो?"

"नाय झालं."

"कामून? काय म्हनले ते?"

"ते काय नाय म्हनले सुनंदा." सरांनी फोन तोंडाजवळ नेला. "ते द्यायलते. मीच नको म्हनलो."

पलीकडची कुजबुज थांबली. कुणाचा तरी टीव्ही चालू होता, तो तेवढा ऐकू येत होता. मग वहिनींनी विचारलं, "मंग आता?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या, उद्या सकाळी काय करायचं ते.

सर फोनकडं बघत राहिले.

"आवो, मंग आता?"

वहिनींनी फोन ठेवला नाही आणि सरांनीही बंद केला नाही. मी पर्स उचलली आणि गेटाकडं चालायला लागले, कारण जे काही ते बोलले असते ते माझ्यादेखत त्यांना बोलता आलं नसतं. गेटातून मागं वळून पाहिलं तेव्हा ते तसेच उभे होते, फोन उघड्या तळव्यावर धरलेला, आणि टीव्हीचा आवाज अजून येत होता.